संख्याशास्त्र न शिकलेल्यांना औषधचाचणी कशी शिकवावी

नर्सिंग किंवा फार्मसीच्या वर्गात सूत्रांनी सुरुवात करू नये. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९४८ साली प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी समोर ठेवावी. तीत क्षयाच्या ५५ रुग्णांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत अनुक्रमे ४ आणि १४ रुग्ण दगावले.

‘हा फरक निव्वळ योगायोगाचा असेल का?’ असे विचारून १०७ कोऱ्या चिठ्ठ्यांपैकी १८ चिठ्ठ्यांवर फुली मारायला सांगावी (चिठ्ठी म्हणजे रुग्ण, फुली म्हणजे मृत्यू), त्या नीट मिसळून ५५ आणि ५२ चे दोन ढीग करावेत आणि मोठ्या ढिगात किती फुल्या आल्या ते फळ्यावर नोंदवावे. हे पुन्हा पुन्हा केल्यावर चार किंवा त्याहून कमी फुल्या क्वचितच येतात, हे विद्यार्थ्यांना स्वतःच दिसते. पी-मूल्याची, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेची, व्याख्या त्यानंतरच सांगावी, आधी सांगितल्यास ती फक्त पाठ होते.

कोणाला औषध मिळणार हे बंद पाकिटांत का ठेवले होते, यावर मात्र भरपूर वेळ द्यावा, कारण डॉक्टरांच्या निवडीतून शिरलेला पक्षपात नंतरच्या कोणत्याही गणिताने खात्रीने निघत नाही. शेवटी मृत्यूचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, म्हणजे साधारण पाच रुग्णांमागे एक मृत्यू टळला, हा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा.