जुनी टू-स्ट्रोक पावसाळ्यानंतर बाहेर काढताना या चुका टाळा

जूनमध्ये ताडपत्रीखाली गेलेली आरएक्स १००, टू-स्ट्रोक चेतक किंवा एम-८० खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर येते. धुऊन हार घातला जातो, दहा-बारा किका बसतात, गाडी फटफटत चालू होते आणि लगेच कोल्हापूरच्या रंकाळ्याला चक्कर मारायला निघते. पिस्टन चिकटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो याच दिवसांत.

या इंजिनात क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर आत जाणाऱ्या ऑईलमधून. गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं, ते पिस्टनपर्यंत पोचत नाही. त्यामुळे पेट्रोल कमी आणि हवा जास्त गेली, म्हणजे मिश्रण लीन झालं, की इंजिन तापतं. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलेलं असेल, तर वंगणही त्याच वेळी कमी पडतं. खालच्या बहुतेक चुका फिरून इथेच येतात.

चार महिन्यांपूर्वीच्या पेट्रोलवर गाडी चालू करणं

कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि तळाला चिकट राळ उरते. ती आधी पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल मापून सोडणारा पितळी तुकडा, बंद करते, कारण त्याचं छिद्र सगळ्यात बारीक असतं. लक्षण ठरलेलं आहे: गाडी चोकवर चालते, चोक सोडला की बंद पडते. अशा वेळी आयडलिंगचा स्क्रू आवळून रेस वाढवून ठेवणं हा उपाय नाही. वाटी उघडा, पायलट आणि मेन असे दोन्ही जेट काढा, कार्ब क्लीनर मारा आणि हवेने फुंका. तार घालू नका. जेट पितळी असतो, छिद्र केसभर मोठं झालं तरी मोजमाप कायमचं बिघडतं. एअर स्क्रू (आयडलिंगच्या मिश्रणातली हवा जुळवणारा) हलक्या हाताने पूर्ण बसवून साधारण दीड फेरा बाहेर घ्या आणि इंजिन गरम झाल्यावर बारीक जुळवणी करा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर मिश्रण लीन होतं, हे ध्यानात असू द्या.

टाकीतलं पेट्रोलही काढून टाका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाच्या पट्ट्यात तयार होणारं इथेनॉल, पण ते हवेतली ओल ओढून घेतं. पुरेसं पाणी मुरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोल कॉक नेमका तिथूनच उचलतो. जुनी रबरी नळी आणि वॉशरही इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. नळी नवी टाकायला पैसे फार लागत नाहीत.

दुसरी गोष्ट जेटची. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे साध्या पेट्रोलसाठी जुळवलेला कार्बोरेटर या पेट्रोलवर साधारण सात-आठ टक्के लीन चालतो. कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर उचलली जाईल. तरीही पूर्ण रेसवर प्लग पांढरा येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाका. प्लगचं टोक कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसलं पाहिजे.

ऑईल अंदाजाने ओतणं

ऑईल पंप नसलेल्या, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळाव्या लागणाऱ्या गाडीत लिटरला २० मिली म्हणजे ५० ला १, आणि ४० मिली म्हणजे २५ ला १. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळा आणि मापाने घाला. "थोडं जास्त असू दे" या समजुतीने दुप्पट ऑईल घातलं, तर जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण पुन्हा लीन, शिवाय कार्बन वाढतो तो वेगळाच. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑईल तर अजिबात नको. ते जळून राख सोडतं आणि प्लग मारतं. डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑईल घ्या, वेगळ्या कॅनमध्ये पेट्रोलबरोबर हलवून मगच टाकीत ओता.

आरएक्सला ऑईल पंप आहे. ऑईलची टाकी कधी कोरडी पडली असेल किंवा नळी काढली असेल तर लाइनमध्ये हवा अडकते. नुसती टाकी भरून भागत नाही. पंपावरचा ब्लीड स्क्रू उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत ऑईल येऊ द्या, मग आवळा. पहिल्या दोन-तीन लिटर पेट्रोलमध्ये वरून २० मिलीप्रमाणे ऑईल मिसळा. पंपाच्या केबलची खूणही जुळवून घ्या.

हवा कुठून शिरते ते न पाहता फक्त कार्बोरेटर खोलत बसणं

रेस सोडली तरी इंजिनचा आवाज लगेच खाली येत नसेल, तर हवा चोरून आत जाते आहे. उभ्या गाडीत क्रँकचे ऑईल सील कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर हवा शिरते आणि पिस्टन चिकटतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरबॉक्सचं ऑईल ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑईलची पातळी उतरत राहते. इंजिन आयडलिंगला ठेवून कार्बोरेटरच्या जोडावर आणि रबरी मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथे आहे. तापलेल्या सायलेन्सरपासून फवारा लांब ठेवा. खात्रीची तपासणी म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून आत ६ पीएसआय दाबाने हवा भरणं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. माझ्या मते सिलेंडर बोअर करण्याआधी, म्हणजे आतून कातून मोठा करण्याआधी, ही तपासणी केलीच पाहिजे. सील तसाच ठेवला तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

सायलेन्सरचं बॅफल (आतली छिद्रांची नळी) कायमचं काढून टाकू नका. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आवाजापुरता नसतो, बाहेर निघालेलं ताजं मिश्रण तो परत सिलेंडरकडे ढकलतो. गाडी ओढत नसेल तर बॅफल काढून त्यावरचा कार्बन साफ करा. एक्झॉस्ट पोर्ट (सिलेंडरमधलं धूर बाहेर जाण्याचं छिद्र) खरवडताना पिस्टन खाली असावा आणि हातात लाकडी पट्टी.

बोअर करताना पिस्टन नंतर आणणं

शिवाजी उद्यमनगरात काम चांगलं होतं, पण आधी पिस्टन हातात घेऊन जा. ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी अशा पायऱ्यांनी मिळतो. दोन पिस्टनच्या मापातही बारीक फरक असतो, म्हणून बोअर त्याच पिस्टनवर बसवावा लागतो. काम झाल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. कडा धारदार राहिल्या असतील तर चॅम्फर मारून, म्हणजे कड तिरकी घासून घ्या, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. ५० मिमी बोअरला रिंगच्या दोन टोकांमधला गॅप साधारण ०.१५ ते ०.३५ मिमी. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण रेस नको.

पुरात बुडालेल्या गाडीला किक मारणं

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या वस्त्यांत शिरलं, तिथे हे खास महत्त्वाचं. टू-स्ट्रोकचा क्रँककेस इनलेटला जोडलेला असल्याने गाळाचं पाणी थेट मोठ्या बेअरिंगपर्यंत जातं. आधी प्लग काढा. टाकी, कार्बोरेटरची वाटी आणि गिअरबॉक्सचं ऑईल रिकामं करा. ऑईल दुधासारखं निघालं तर नवं भरून थोडं चालवल्यावर पुन्हा बदलावं लागेल. प्लग बाहेर ठेवून हलक्या हाताने किक फिरवा, पाणी निघेल. मग प्लगच्या छिद्रातून आणि इनलेटमधून टू-टी ऑईल मिसळलेलं पेट्रोल ओतून पुन्हा फिरवा, दोन-तीन वेळा. हे पाणी उतरल्याच्या दिवशीच करा, उशीर झाला तर बेअरिंगला गंज धरतो. मॅग्नेटचं झाकण आणि ब्रेकचे ड्रम उघडून गाळ धुवा, लायनर सँडपेपरने घासा. किक फिरवताना खरखर जाणवली तर गाडी चालू न करता क्रँक खोलायला द्या.