मिडीव्हल रीएनॅक्टमेंट ग्रुपमध्ये जायचंय? मग आधी या चुका टाळा

मिडीव्हल रीएनॅक्टमेंट म्हणजे मध्ययुगातल्या युरोपातलं जगणं आणि लढाया, तसेच कपडे-चिलखत घालून पुन्हा उभ्या करणं. यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी तलवार घेणं. फोटो बघून डोक्यात भरतं, ऑनलाइन दिसेल ती चकचकीत तलवार ऑर्डर होते आणि मग ग्रुपच्या सेफ्टी चेकमध्ये सांगतात की ही भिंतीवर टांग, मैदानात नको. स्टीलने लढणाऱ्या ग्रुपना बोथट धारेची, गोल टोकाची तलवार लागते. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम (१९६६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला सुरू झालेली अशीच एक संस्था, सगळे तिला नुसतं एससीए म्हणतात) तिथे तर मोठ्यांची चिलखत घालून होणारी दणादण लढाई वेताच्या तलवारींनी चालते. त्यामुळे आधी विचारा, मग पैसे काढा.

दुसरं, वयाचे नियम. १८ च्या आत स्टीलची लढाई बरेच ग्रुप देतच नाहीत, एससीएमध्ये लहानांसाठी मऊ हत्यारांची वेगळी यूथ कॉम्बॅट असते, पण आईबाबांची सही लागतेच, म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी सोबत न्या. आणि लढता येत नाही म्हणून तोंड पाडून बसू नका राव! लढणाऱ्याच्या हातात जाड ग्लोव्ह, तोंडावर लोखंडी जाळी, आत घाम गाळणारं गॅम्बेसन (चिलखताखालचं जाड, गादीसारखं जॅकेट), त्याला स्वतःचं पाणी पिता येत नाही, बाटली कुणीतरी जाळीतून तोंडाशी धरावी लागते. हे काम मनापासून करणाऱ्या पोराला ग्रुप सोडत नाही हे लिहून घ्या. शिवाय निशाण धरणं, ढोल, विणकाम, चुलीवरचा स्वयंपाक आहेच. (स्वयंपाकात बटाटा, टोमॅटो, मिरची नको, हे सगळं १४९२ नंतर युरोपात आलं, आणि पब्लिकमधला एक तरी माणूस हे बोलून दाखवतोच.)

कपड्यांचं म्हणाल तर भाड्याचा पॉलिएस्टर ड्रेस घालून शेकोटीजवळ जाऊ नका, ते वितळून कातडीला चिकटतं. साधा लिननचा किंवा लोकरीचा ट्यूनिक (लांब, सैल सदरा) स्वतः शिवता येतो, आणि नवीन लोकांना बरेच ग्रुप कपडे उसने देतात. फक्त शतक एकच धरा, ग्रुप इंग्लंडमधली १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई करतोय आणि तुम्ही १५ व्या शतकातलं पत्र्याचं चिलखत घालून उभे, असं नको.

आता नेहमीच्या तक्रारी. कड्यांच्या चिलखताने खांदे दुखतात? कमरेला पट्टा घट्ट बांधा आणि चिलखत पट्ट्यावरून थोडं वर ओढून सैल सोडा, बरंच वजन कमरेवर जातं. हेल्मेट डोक्यात घुमतंय, टोचतंय? आतलं पॅडिंग कमी आहे. गंज येतो? घामट सामान तसंच बॅगेत कोंबताय म्हणून, आधी पुसा, वाळवा, तेलाचा हात फिरवा. आणि धनुष्य हातात आलं की बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, तुटतं, आणि ते बहुतेक वेळा ग्रुपचं असतं.