हार्ट फेल्युअरचा पेशंट घरी आणलाय? आयर्नचा रिपोर्ट आधी बघा

बाबांचं हार्ट पंपिंग कमी आहे, गेल्या वर्षी डिस्चार्ज घेऊन सदाशिव पेठेतल्या घरी आणलं आणि महिन्याच्या आत परत अ‍ॅडमिट, तीच धाप, तीच पायावरची सूज. रक्त कमी असल्याचं पहिल्याच फाईलमध्ये छापलेलं होतं, आम्ही कुणी ते पान उलटलंच नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

तर पहिलं काम, फाईलमध्ये हिमोग्लोबिन (एचबी) शोधा. पुरुषांना १३ च्या खाली आणि बायकांना १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. हार्ट आधीच दमलेलं, त्यात रक्तात ऑक्सिजन कमी, मग त्याच्यावर अजून लोड येतो आणि असे पेशंट परत अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण जास्त असतं. (अंगात पाणी साठलं की रक्त पातळ होऊनही एचबी कमी दिसतं बरं का.)

पण एचबीवर थांबू नका, ते नॉर्मल असूनही आयर्न कमी असू शकतं. फेरिटिन (अंगात साठवलेलं आयर्न किती ते) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं आयर्न किती ते) या टेस्ट करायच्या का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. इथे गंमत अशी की हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली असलं, किंवा १०० ते २९९ असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असलं, तरी आयर्न कमी धरतात, आणि लॅबच्या रिपोर्टवर ६० फेरिटिनला बिनधास्त नॉर्मल छापून येतं!

आईने लगेच अळीवाचे लाडू केले, मंडईतून बीट आणलं. खाऊ दे, पण त्यावर विसंबू नका. आयर्नच्या गोळ्यांचाही या पेशंटना फारसा उपयोग होत नाही, २०१७ च्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये त्यांची व्यायामाची ताकद गोळ्यांनी वाढली नाही. सलाईनमधून देतात ते आयर्न म्हणजे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, २०२० च्या ट्रायलमध्ये त्याने हार्ट फेल्युअरसाठी परत अ‍ॅडमिट होणं कमी झालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. ते द्यायचं का हे कार्डिओलॉजिस्ट ठरवणार.

रक्त कमी का झालं हेही विचारा, किडनी असेल, किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी पोटात ब्लीडिंग. शी काळी होत असेल तर सांगा, आयर्नच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानेही काळी होते.

आणि रोज सकाळी चहाच्या आधी वजन, अंगात पाणी साठतंय का ते त्यावरून कळतं. आम्ही कालनिर्णयवरच लिहितो, दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं की अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन.