संगणकीय गेमचे टेबलटॉप रूपांतर करताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा, म्हणजेच टेबलटॉप, रोलप्लेइंग गेम (ज्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र बनतो) १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे गुण), लेव्हल (पात्राची पातळी) आणि अनुभवाचे गुण या कल्पना पुढे संगणकीय गेमनी जवळपास जशाच्या तशा उचलल्या. त्यामुळे आवडता संगणकीय गेम टेबलावर आणणे म्हणजे घरचेच सामान घरी परत आणणे, असा समज सहज होतो. मात्र मधल्या काळात त्या सामानाचा बराच भार संगणकाने स्वतःकडे घेतलेला असतो. तो हिशेब करतो, सगळे लक्षात ठेवतो आणि खेळाडूने भलतेच काही करायचे ठरवले तर त्याला मुकाट्याने अडवतो. टेबलावर ही तिन्ही कामे माणसांना करावी लागतात, आणि रूपांतरात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ हे विसरण्यात असते.

आकडे जसेच्या तसे उतरवणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत मोहात पाडणारी चूक आहे. मूळ गेममधील शत्रूला २४० हिट पॉइंट आहेत आणि तलवारीच्या एका घावाने ६० कमी होतात, म्हणून तेच आकडे वहीत लिहून घेतले जातात, त्यात चिलखताची वजावट येते, आगीपासून बचावाची टक्केवारी येते, आणि पहिल्याच लढाईत चौघे खेळाडू बेरीज-वजाबाकीत बुडून जातात. चार खेळाडू आणि पाच शत्रू असतील आणि प्रत्येकाच्या पाळीला दोनच मिनिटे लागली, तरी एक फेरी १८ मिनिटांची होते. अशा पाच फेऱ्यांत दीड तास जातो, आणि त्यात कथा तसूभरही पुढे सरकत नाही.

शत्रू किती घावांत पडतो हे टिकवावे आणि आकडे सोडून द्यावेत. वरच्या उदाहरणात तो चार घावांत पडतो. सहा बाजूंच्या एका फाशाची सरासरी ३.५ येते, म्हणून शत्रूला १४ हिट पॉइंट दिले की प्रमाण तेच राहते. पण येथेही एक मेख आहे. संगणकावर चार घाव काही सेकंदांत होतात, तर टेबलावर वार लागण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर चार घाव बसायला सरासरी सात पाळ्या खर्ची पडतात. म्हणून किरकोळ शत्रूला दोन घावांत पडू द्यावे आणि लांबलचक झुंज फक्त बॉससाठी, म्हणजे सर्वांत बलाढ्य शत्रूसाठी, राखून ठेवावी.

फॉलआउटचा प्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १९९७ साली आलेला हा संगणकीय गेम आधी गर्प्स या टेबलटॉप नियमावलीवर बेतला जात होता. तो करार मोडला, तेव्हा निर्मात्यांनी ताकद, चपळाई अशा सात मूलगुणांची स्वतःची पद्धत तयार केली, आणि त्यात कौशल्ये टक्केवारीत मोजली जात. २०२१ साली मोडिफियस या प्रकाशकाने त्याचे टेबलटॉप रूप प्रसिद्ध केले, तेव्हा सात मूलगुण राहिले, टक्केवारी मात्र गेली. तिच्या जागी वीस बाजूंचे दोन फासे टाकून प्रत्येकावर मूलगुण आणि कौशल्य यांच्या बेरजेइतके किंवा त्याहून कमी दान मिळवण्याची पद्धत आली. ॲक्शन पॉइंट हे नाव तसेच राहिले, पण काम पूर्ण बदलले. मूळ गेममध्ये एका पाळीत किती पावले चालायची आणि किती गोळ्या झाडायच्या याचे ते अंदाजपत्रक होते. टेबलावर ते गरजेपेक्षा जास्त यश आले की मिळतात, सहापर्यंत सर्व गटाच्या समाईक साठ्यात जमतात आणि अडचणीच्या वेळी जादा फासे घेण्यासाठी खर्च होतात. एकट्याच्या हिशेबातून चारचौघांनी वाटून घ्यायची चिंता तयार झाली, आणि माझ्या मते रूपांतर म्हणावे ते यालाच.

बोटांच्या चपळाईला फाशाचा पर्याय देणे

ज्या गेममध्ये क्षणार्धात बटण दाबण्यालाच महत्त्व असते, त्यांचे रूपांतर करताना ‘चपळाईचा फासा टाका’ एवढ्यावर भागवले जाते. तसे केले की खेळाडूच्या हातात काहीच उरत नाही. स्ट्रीट फायटर या मारामारीच्या गेमवर आधारित टेबलटॉप गेम १९९४ साली व्हाइट वुल्फ या प्रकाशकाने काढला होता, आणि त्यात प्रत्येक डाव कार्डावर लिहिलेला असे. खेळाडू आपले कार्ड गुपचूप निवडत, सर्वांत संथ डाव खेळणारा आधी हालचाल सुरू करी आणि अधिक वेगवान डाव हाती असलेल्याला त्याला मध्येच अडवता येई. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याची मूळ गेममधील गंमत त्यामुळे टिकून राहिली. आपल्या गेमकडे पाहताना हाच प्रश्न विचारावा की बटणावरून लक्ष काढले, तर खेळाडू नेमका कोणता निर्णय घेत असतो.

मरण आणि सेव्ह यांचा विसर पडणे

डार्क सोल्ससारख्या गेममध्ये खेळाडू पुन्हा पुन्हा मरतो आणि प्रत्येक मरणातून बॉसची चाल शिकतो. टेबलावर तीच वाट सहाव्यांदा तुडवायला कोणीही तयार होत नाही, आणि सेव्ह केलेल्या जागी परतण्याची सोय दिली, तर आधीच्या निर्णयांना किंमत राहत नाही. लक्षण ओळखणे सोपे आहे: खेळाडू एक तर अति सावध होऊन प्रत्येक फरशी काठीने ठोकत बसतात, नाही तर पात्र मेले तरी खांदे उडवतात.

यावर मला पटलेला उपाय असा की वारंवार मरून मिळणारे ज्ञान गेम मास्टरने, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्याने, आधीच द्यावे. बॉस पुढच्या पाळीत काय करणार हे तो फेरीच्या सुरुवातीलाच सांगतो: ‘राक्षसाने गदा डोक्यावर उचलली आहे, तिचा घाव डाव्या बाजूला पडणार.’ मग खेळाडूंना हटायचे, अडवायचे की घाव सोसून उलट वार करायचा हे ठरवता येते. डार्क सोल्सच्याच २०२२ सालच्या अधिकृत टेबलटॉप रूपात हिट पॉइंटच्या जागी पोझिशन नावाचा साठा आहे. तो शत्रूच्या घावाने घटतो आणि खेळाडू आपले दान सुधारण्यासाठीही तोच खर्च करतो, म्हणजे प्रत्येक धाडस स्वतःच्या जिवातून वजा होते.

एकाच नायकाची गोष्ट चौघांत वाटणे

बऱ्याच संगणकीय गेममध्ये नायक एकच असतो आणि सारे जग त्याच्याभोवती फिरते. टेबलावर एकाला तो नायक केले, तर उरलेले तिघे त्याची पालखी वाहतात. चौघांनाही तसेच घडवले, तर चार सारखी पात्रे एकच काम करत बसतात. विचर या गेमच्या २०१८ सालच्या टेबलटॉप रूपात विचर (राक्षसांची शिकार करणारा नायक) हा अनेक व्यवसायांपैकी केवळ एक आहे, आणि त्याच्या जोडीला शाहीर, वैद्य, कारागीर, व्यापारीही घेता येतात. असे व्यवसाय नावापुरते असून चालत नाही. वैद्यावाचून जखम भरत नाही आणि व्यापाऱ्यावाचून वेशीचे दार उघडत नाही, असे प्रसंग प्रत्येक सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या प्रत्येक बैठकीत, असायला हवेत.

मूळ कथानक पुन्हा वाचून दाखवणे हीदेखील याचीच पुढची पायरी आहे. ज्यांनी गेम खेळला आहे त्यांना शेवट ठाऊक असतो, आणि ज्यांनी खेळला नाही त्यांना आपण रुळांवरून ढकलले जात आहोत असे वाटते. कथा न घेता जागा घ्यावी, तिथले एकमेकांविरुद्धचे गट घ्यावेत आणि कोणीच मध्ये पडले नाही तर महिन्याभरात काय घडेल याची टिपणे काढावीत.

अदृश्य भिंती आणि भरलेल्या पिशव्या

संगणकावर न उघडणारे दार म्हणजे दाराचे चित्र असते. टेबलावर तेच दार कोणीतरी जाळणार, बिजागऱ्या काढणार किंवा शेजारची भिंत फोडणार. ‘तसे करता येत नाही’ असे सांगण्याऐवजी त्याची किंमत सांगावी: आवाज होईल, पहारेकरी जागे होतील, अर्धा तास जाईल.

सामानाच्या बाबतीत कठोर व्हावे. साठ वस्तूंची इन्व्हेंटरी कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) कोणी नीट लिहीत नाही. जगण्याच्या झुंजीवर आधारलेल्या एका गेमसाठी मी भूक, तहान आणि थंडी यांच्या तीन वेगळ्या पट्ट्या मोठ्या हौसेने आखल्या होत्या, आणि दुसऱ्या सेशनपासून त्या खोडायचे कष्ट मीसुद्धा घेतले नाहीत. शेवटी तिन्हींच्या जागी सहा भाग केलेले एकच वर्तुळ काढले. प्रत्येक मुक्कामाला एक भाग भरायचा आणि वर्तुळ पूर्ण झाले की संकट यायचे. खेळाडू त्या वर्तुळाकडे बघून आपसांत भांडू लागले, तेव्हा ते चालले हे कळले.

नियम लिहून झाले की आधी तयार पात्रे घेऊन एकच प्रसंग खेळवून पाहावा, आणि त्या टेबलावर मूळ गेम कधीही न खेळलेला एक तरी माणूस बसवावा. तो तिसऱ्या पाळीपर्यंत कोणालाही न विचारता स्वतःचा निर्णय सांगू लागला, तर पुढचे प्रकरण लिहायला हरकत नाही. प्रत्येक वेळी तो ‘मूळ गेममध्ये इथे काय करतात?’ असे विचारत असेल, तर त्या जागेवर खूण करून ठेवावी. नियम तिथेच अपुरा आहे.