स्पॅम नेमका कुठल्या यंत्रातून आला?

मेलसर्व्हर सांभाळायला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एका स्पॅमला मी तावातावाने उत्तर धाडलं. ते पोचलं एका निवृत्त शिक्षकांना. बिचाऱ्यांनी काहीच पाठवलं नव्हतं. कुणीतरी त्यांचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये चिकटवला होता. तेव्हापासून ‘फ्रॉम’ मी सगळ्यात शेवटी वाचते.

आधी मेलचा अख्खा हेडर, म्हणजे मजकुराआधीची एरवी लपलेली नोंद, उघडा. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’. ‘रिसीव्ड’च्या ओळी शोधा. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो, म्हणून मेलचा प्रवास खालून वर झालेला असतो. पण खालच्या ओळी खोट्याही घालता येतात. म्हणून वरून उतरत या आणि बाहेरून आलेला मेल आपल्या सर्व्हरने जिथे स्वीकारला, त्या ओळीवर थांबा. तिथे चौकटी कंसातला आयपी, म्हणजे पाठवणाऱ्या यंत्राचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता, आपल्या सर्व्हरने स्वतः पाहिलेला असतो. शेजारचं ‘हेलो’ नाव मात्र समोरच्याने सांगितलेलं. त्यावर जाऊ नका.

आता त्या आयपीचं नाव उलटं शोधा, म्हणजे आकड्यांवरून नाव (रिव्हर्स डीएनएस). नावातच आयपीचे आकडे गुंफलेले असतील तर बहुधा घरगुती जोडणी. घरचा मेल प्रोग्रॅम मेल देतो तो आपल्या मेलसेवेकडे, ५८७ किंवा ४६५ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार). घरातलं यंत्र परक्या सर्व्हरच्या २५ पोर्टवर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, थेट धडकलं, तर मला बॉटचाच, म्हणजे परक्याच्या ताब्यात गेलेल्या यंत्राचाच, वास येतो. मालकाला गंधही नसतो; मजकूर आणि पत्त्यांची यादी दूरच्या नियंत्रण सर्व्हरवरून येते. नोव्हेंबर २००८ मध्ये असे सर्व्हर पोसणाऱ्या ‘मॅककोलो’ या अमेरिकी होस्टिंग कंपनीची जोडणी तोडली गेली आणि जगभरचा स्पॅम निम्म्याहून जास्त घटला. बाधित यंत्रं होती तिथेच होती, फक्त हुकूम यायचे थांबले.

सर्व्हर तुमचाच असेल तर ग्रेलिस्टिंग लावा: अनोळखी यंत्राला पहिल्यांदा ‘थोड्या वेळाने ये’ म्हणायचं. खरा सर्व्हर परत येतो, बरेच बॉट येत नाहीत. (ओटीपीचे मेलही रखडतात, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवा.)

शेवटी हूइजमध्ये (कुठला आयपी कुणाच्या नावावर, याची जाहीर नोंदवही) त्या नेटवर्कचा ‘अब्यूज’ पत्ता काढून तक्रार करा. हेडर पूर्ण चिकटवा, वेळ टाइमझोनसकट. घरगुती आयपी बदलत राहतो. वेळ दिलेली नसेल तर तो तेव्हा कुणाकडे होता, हे त्यांनाही काढता येत नाही.