नूव्हो काढून एनव्हिडियाचं मॉड्यूल बसवण्याआधी

डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर नूव्हो (एनव्हिडिया कार्डासाठीचा मुक्त-स्रोत ड्रायव्हर) बंद करून एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर आणायचा असेल, तर आधी एवढं करून ठेवा. बॅकअप, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार), नेट हे असेलच.

'यूनेम -आर'ने चालू कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती बघा आणि नेमके तिचेच हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) घ्या. डीकेएमएस हे टूल तुमच्याच मशीनवर मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा, कंपाइल करतं. हेडर्स जुळले नाहीत की तिथेच अडतं. नूव्हो वापरात असताना 'आरएममॉड -एफ'ने ओढून काढायला जाऊ नका, अख्खी सिस्टीम कोसळू शकते.

आता ब्लॅकलिस्ट, म्हणजे नूव्हो आपोआप लोड होऊ नये अशी नोंद. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी'मध्ये फाइल करा, तीत 'ब्लॅकलिस्ट नूव्हो' लिहा. फाइलचं नाव '.कॉन्फ'नेच संपलं पाहिजे, नाहीतर मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड) ती वाचतच नाही. आणि आता थांबा! रीबूट करू नका. आधी इनिट्रॅमएफएस नव्याने बनवा. मागच्या वेळी माझं हेच राहिलं होतं. मुख्य डिस्क माउंट होण्याआधी मॉड्यूल्स याच छोट्या इमेजमधून लोड होतात, आणि तिच्यात मॉडप्रोबच्या फाइलींची जुनी प्रत असते. तुम्ही डिस्कवर काय लिहिलंत याचा तिला पत्ताच नसतो. म्हणून 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू'. नुसत्या '-यू'ने फक्त सगळ्यात नव्या कर्नलची इमेज बदलते, तेव्हा पुढे '-के ऑल' जोडाच. '/बूट' भरलेलं असेल तर इमेज बनतच नाही, आणि एररची ती ओळ आउटपुटच्या गर्दीत सहज सुटते. वाचा ती. मग 'एलएसइनिट्रॅमएफएस'ने आपली '.कॉन्फ' आत गेली का ते डोळ्यांनी बघा. फेडोरावर हेच काम 'ड्रॅकट -एफ' करतं. सोडायचं मात्र कुठेच नाही.

सिक्युअर बूट चालू आहे का, ते 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' सांगतं. चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोड होणार नाही. इन्स्टॉल करताना पासवर्ड ठरवायला सांगतात, तो कागदावर लिहून ठेवा. रीबूट होताना निळा स्क्रीन येतो, तिथे 'एनरोल मोक' (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची सहीची किल्ली) निवडून तोच पासवर्ड टाकायचा. तो स्क्रीन फार वेळ थांबत नाही, उठून जाऊ नका.

एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून आत शिरायची वाट) सुरू ठेवा. जुना कर्नल काढू नका. स्क्रीन काळा राहिला तर ग्रबमध्ये (बूटच्या मेन्यूत) 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=नूव्हो' लिहा.

रीबूटनंतर एलएसमॉड (लोड झालेली मॉड्यूल्स), डीमेसेज (कर्नलचे संदेश), एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती) चालवून बघा. एलएसमॉडमध्ये नूव्हो परत दिसलं, तर ड्रायव्हर पुन्हा बसवत बसू नका. आधी '/बूट'मधल्या इनिट्रॅमएफएसची तारीख बघा.