स्विचवर एसएसएच चालू केलं, तरी टेलनेट उघडंच? या चुका टाळा

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर एसएसएच (दुरून एन्क्रिप्टेड लॉगिन) सुरू करायला मोजून पाच-सहा कमांड लागतात. एसएसएचने लॉगिन झालं की काम संपलं असं वाटतं, आणि टेलनेट (तेच काम, पण एन्क्रिप्शनशिवाय) बंद झालं का हे कुणी तपासतच नाही.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे 'लाइन व्हीटीवाय 0 4' वर (दुरून लॉगिन करायच्या आभासी लाइन) सगळा बंदोबस्त करायचा आणि 5 ते 15 विसरायच्या. 'शो रन'मध्ये (चालू कॉन्फिग दाखवणारी कमांड) हा दुसरा गट अगदी तळाशी असतो. जुना पासवर्ड आणि टेलनेट तिथं तसंच पडून राहतं. टेलनेटचा पासवर्ड पोर्ट 23 वरून उघडा जातो, मधे वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा टिपणारं सॉफ्टवेअर) लावून बसलेल्याला तो सरळ वाचता येतो. 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' (फक्त एसएसएच चालू), 'लॉगिन लोकल' (स्विचवरच्या युजरनेमने लॉगिन) आणि 'ॲक्सेस-क्लास' (ठरावीक आयपींनाच प्रवेश) हे तिन्ही 0 ते 15 वर सारखंच हवं. एसएसएचची आरएसए की (एन्क्रिप्शनची किल्ली) 2048 बिटची करा. पासवर्ड टाइप 7 (सिस्कोचं कच्चं एन्क्रिप्शन) मध्ये ठेवलात तर तो उलगडायला क्षणही लागत नाही, म्हणून 'सीक्रेट'च वापरा.

'ॲक्सेस-क्लास' लावताना आपणच बाहेर अडकू, या धास्तीने बरेच जण तो लावतच नाहीत. उपाय सोपा आहे. आधी कॉन्फिग सेव्ह करा, 'रीलोड इन 10' द्या, मग बदल करा. अडकलात तर 10 मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिग परत येतं. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा. जमलं तर 'रीलोड कॅन्सल', मगच पुन्हा सेव्ह. घाईत आधीच सेव्ह केलंत तर रीलोड होऊनही बाहेरच राहाल. आणि हे भर ऑफिसच्या वेळात नको, रीलोड झालाच तर सगळा मजला बंद पडेल.

लॉगिन होत नसेल तर आधी एरर नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा ॲक्सेस लिस्टमध्ये तुमचा आयपी नाही. त्याच सबनेटमधून (नेटवर्कच्या त्याच भागातून) लागतं पण बाहेरून टाइमआउट होतं, तर लेयर 2 (राउटिंग न करणाऱ्या) स्विचवर 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' द्यायचा राहून गेलाय. लॅपटॉप बदलल्यावर 'नो मॅचिंग होस्ट की टाइप' दिसलं, तर स्विचचं आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टीम) जुनं आहे: ओपनएसएसएच (लॅपटॉपवरचा एसएसएच प्रोग्राम) 8.8 पासून एसएचए-1 (जुनी, कमकुवत हॅश पद्धत) वाल्या आरएसए सह्या डिफॉल्टनेच बंद आहेत. अशा वेळी पुन्हा टेलनेटकडे वळू नका. फर्मवेअर अपडेट होईपर्यंत क्लायंटमध्ये फक्त त्या स्विचपुरती सवलत द्या.

एसएसएचव्यतिरिक्तची दारंही बघा. स्मार्ट इन्स्टॉल (नवा स्विच आपोआप कॉन्फिगर करणारी सोय) पोर्ट 4786 वर ऐकत असतं आणि 2018 मध्ये त्यातली गंभीर त्रुटी उघड झाली. ते बंद करायला 'नो व्हीस्टॅक' द्या. आयओएस एक्सईच्या (आयओएसचा नवा अवतार) वेब पॅनेलमधून 2023 मध्ये हल्लेखोरांनी थेट ॲडमिन खाती तयार केली होती. वेब पॅनेल वापरत नसाल तर 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर' आणि 'नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर', दोन्ही द्यावं लागतं.